डिजिटल किचन वजनकाटा : दोन स्टेंट पडल्यानंतर घेतला, आठ महिने वापरला, त्याचा रिव्ह्यू

या काट्यांचे रिव्ह्यू शोधलेत तर जवळपास सगळे केक-बिस्किटं करणाऱ्यांचे सापडतील, मी पण घ्यायच्या आधी तेच वाचले होते. मला मात्र काटा हवा होता हार्टसाठी, आणि त्या बाजूने कोणीच काही लिहिलेलं मिळालं नाही म्हणून आता आठ महिने वापरून झाल्यावर सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत, आणि तसंही या प्रकारातले बहुतेक काटे सारखेच असतात, ५ किलोपर्यंत वजन घेणारे, १ ग्रॅमचा फरक दाखवणारे, वर काच, खाली दोन ट्रिपल ए बॅटऱ्या, एक चालू-बंदचं आणि एक युनिट बदलायचं बटण.

आधी थोडं माझ्याबद्दल, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. वय ५२. छातीत कळ वगैरे काही नाही, जिना चढताना दम आणि जबड्यात दुखणं, मी ते दातांवर ढकलत राहिले. हृदयाच्या नळ्यांत दोन ठिकाणी ब्लॉकेज निघाले, दोन स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसले. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी अख्खं पान भरून, कुठली किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, सगळं व्यवस्थित. आणि खाण्याबद्दल एकच ओळ. मीठ कमी, तेल-तूप कमी, भाज्या-फळं भरपूर. बस.

आता "कमी" म्हणजे किती हो? मी घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस इतकी घाबरलेली होते की प्रत्येक घास घेताना वाटायचं हा जास्त तर होत नाहीये ना, आणि कोणाला विचारलं की उत्तर एकच, अगं कमी घे सगळं. डाएटिशियनने चार्ट दिला, चांगला होता, पण तो सगळा वाटी आणि चमच्यात. आमच्या घरात तीन मापांच्या वाट्या आहेत, नंतर काट्यावर पाणी भरून बघितलं तर सगळ्यात छोटी ११० ची आणि मोठी २१० ची निघाली, म्हणजे "एक वाटी" म्हटलं तर नेमकी कुठली? गोळी जर कोणी म्हटलं असतं की अंदाजाने थोडीशी घ्या तर आपण घेतली असती का? मग जेवण, ज्याच्यावर इतकं अवलंबून आहे म्हणतात, ते अंदाजपंचे दाहोदरसे का, हा विचार डोक्यात आला आणि त्या रात्रीच काटा ऑर्डर केला.

पहिला आठवडा मी काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. हे मुद्दाम सांगतेय कारण बहुतेक जण पहिल्याच दिवशी सगळं बंद करतात आणि मग आपण आधी कुठे होतो हे कधीच कळत नाही. सोमवारी सकाळी तेलाची बाटली, मिठाची बरणी, लोण्याचा डबा, सगळ्यांची वजनं वहीत लिहिली आणि पुढच्या सोमवारी परत. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगा. तेल गेलं ११५० ग्रॅम. मी डाएटिशियनला अगदी मनापासून सांगितलं होतं की तेल मी फार कमी वापरते, दिवसाला दोन-तीन चमचे असेल. खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. ११५० भागिले २१ म्हणजे माणशी रोज ५५ ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. हातातून धार सोडायची सवय पंचवीस वर्षांची, हात काय करतोय ते डोळ्यांना दिसतच नाही.

मीठ २१० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम, आणि हे फक्त स्वयंपाकातलं, ब्रेड, सॉस, चीज, पाकिटातले खारे पदार्थ यातलं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. जगाची सरासरीच साधारण १० ग्रॅमच्या वर आहे, त्यामुळे आमचं घर काही फार वेगळं नव्हतं, पण माझ्या हृदयाला सरासरीशी काय करायचंय.

मिठावर जरा जास्त लिहिते कारण काट्याचा खरा उपयोग तिथे झाला आणि खरी अडचण पण तिथेच आली. हा १ ग्रॅमवाला काटा चिमूटभर मीठ मोजूच शकत नाही. तुम्ही भांडं ठेवून शून्य केलं आणि हळूहळू चिमूट-चिमूट टाकत राहिलात तर आकडा शून्यावरच बसून राहतो, मला वाटलं बिघडलाय. नंतर कळलं की बऱ्याच काट्यांमध्ये मुद्दाम तशी सोय असते, आत जी धातूची पट्टी वजनाने अगदी किंचित वाकते आणि त्यावरून वजन कळतं, ती गरमी-थंडीने पण जराशी हलते, म्हणून अगदी छोटा आणि सावकाश फरक आला की काटा त्याला हलणं समजून परत शून्य धरतो. यावर उपाय दोन. एक म्हणजे मीठ आधी वेगळ्या वाटीत काढायचं आणि ती वाटी एकदम काट्यावर ठेवायची. दुसरा म्हणजे ०.१ ग्रॅमचा छोटा खिशात मावणारा काटा वेगळा घ्यायचा, मी तोच घेतला दुसऱ्या महिन्यात, आणि ज्यांना बीपी किंवा हार्टसाठी मीठ मोजायचंय त्यांनी सरळ दोन्ही घ्या असं मी म्हणेन. मोठ्या काट्यावर मीठ मोजायचा हट्ट करू नका. छोटा काटा मात्र पंख्याच्या वाऱ्याने पण हलतो, पंखा बंद करून मोजा.

पद्धत अशी ठेवलीये. सकाळी तिघांचं दिवसभराचं मीठ एका छोट्या झाकणाच्या डबीत मोजून काढायचं आणि मोठी बरणी वरच्या फळीवर. स्वयंपाकाला फक्त डबीतलं. संपलं की संपलं. सुरुवात ३० ग्रॅमपासूनच केली आणि दर आठ-दहा दिवसांनी थोडं कमी, २५, २०, १५, आता तिघांत १० वर आहोत आणि उरलेले माणशी दीड-पावणेदोन ग्रॅम बाहेरच्या, पाकिटातल्या गोष्टींसाठी सोडलेत. एकदम कमी केलं असतं तर घरात भांडणं झाली असती हे नक्की. हळूहळू केल्यावर जिभेला कळतच नाही, काही आठवड्यांत ती नव्या चवीला सरावते, आता बाहेरचं सूप मला तोंडात धरवत नाही इतकं खारट लागतं. लिंबू, मिरी, लसूण, भाजलेलं जिरं यांनी बरीच भरपाई होते. एक बारीक गोष्ट, ज्या पाण्यात मीठ घालून काही उकडता आणि ते पाणी ओतून देता ते मीठ सगळं पोटात जात नाही, त्यामुळे बरणीचं वजन आणि खाल्लेलं मीठ तंतोतंत एक नसतं, पण अंदाज यायला पुरतं.

पाकिटांवर मीठ न लिहिता बऱ्याचदा सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ मिळतं. सोडियम ६०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर दीड ग्रॅम मीठ झालं. हे शंभर ग्रॅममागे असतं का एका सर्व्हिंगमागे ते बघा, आणि मग काट्यावर ठेवा की तुमचं सर्व्हिंग खरंच किती ग्रॅमचं आहे. माझं कधीच त्यांच्याएवढं निघालं नाही.

आणि हे नीट वाचा. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतं. ते चांगलं आहे, चीनमध्ये सहाशे गावांत साधारण २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, २०२१ मध्ये निकाल आले, ७५ टक्के नेहमीचं आणि २५ टक्के पोटॅशियमवालं मीठ वापरणाऱ्यांमध्ये स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. पण हार्टच्या पेशंटनी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. बीपीच्या आणि हार्टच्या कितीतरी गोळ्या, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन वगैरे, शरीरात पोटॅशियम वाढवतात, आणि किडनी कमजोर असेल तर अजूनच, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. मला माझ्या कार्डिओलॉजिस्टने स्पष्ट नको म्हटलं. त्यापेक्षा साधंच मीठ मोजून कमी.

तेलाचं मोजणं सगळ्यात सोपं. बाटलीच काट्यावर ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, कढईत तेल ओतून बाटली परत ठेवायची, जितकं गेलं तितका आकडा वजामध्ये दिसतो. चमचा नाही, भांडं नाही, घासायला काही नाही. लोणी, मध, साखर, चीज, सगळ्याला हीच युक्ती. फक्त काट्यावर एमएलचा मोड असतो त्याच्या नादी लागू नका, तो पाण्याचं वजन धरून चालतो, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिली तेल साधारण ९२ ग्रॅम भरतं. ग्रॅमवर ठेवा आणि ग्रॅमच लिहा.

आम्ही माणशी ५५ वरून २५ च्या आसपास आलो. पण इथे प्रामाणिकपणे सांगते, तेलाच्या बाबतीत मी आधी चुकीच्या दिशेने गेले होते. मी सगळंच तेल बंद करायला निघाले होते कारण कुठेतरी वाचलं होतं की अगदी बिनतेलाच्या जेवणाने ब्लॉकेज उलटे जातात. तो अभ्यास खरा आहे, डॉक्टर डीन ऑर्निश यांचा, १९९० चा, पण त्यात माणसं पन्नाससुद्धा नव्हती, आणि जेवणाबरोबर सिगारेट बंद, व्यायाम, ताण कमी करायचं प्रशिक्षण, ग्रुपमध्ये बसून बोलणं, हे सगळं होतं. नुसत्या जेवणाचा तो परिणाम नव्हता. आणि ब्लॉकेज कमी झाले म्हणजे किती, तर सरासरी ४० टक्के होते ते एका वर्षात ३७.८ झाले. ज्यांनी हे केलं नाही त्यांचे तोपर्यंत ४२.७ वरून ४६.१ वर गेले होते. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरी आहे, एकांचं थांबलं आणि दुसऱ्यांचं वाढत राहिलं. पण "नळ्या साफ होतात" असं जे सांगितलं जातं ते त्या आकड्यांत नाहीये.

आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्समधला ल्योनचा अभ्यास, पहिला झटका येऊन गेलेले ६०५ लोक, त्यांना बिनतेलाचं जेवण दिलंच नव्हतं, भूमध्य समुद्राच्या बाजूला खातात तसं जेवण, भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, लोण्याच्या जागी दुसरी चांगली चरबी, आणि त्यांच्यात परत झटका येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. हे दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले, दोघांत सारखं काय आहे ते बघा, दोघांच्या ताटात भाज्या, फळं, कडधान्यं जास्त आणि लोणी, चीज, मटण कमी. तेव्हापासून मी तेल शून्य करायचा नाद सोडला, तेल कुठलं ते बघते, लोणी आणि खोबरेल यात सॅच्युरेटेड फॅट (कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी) खूप, लोण्यात निम्म्याच्या वर आणि खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर, सूर्यफूल किंवा ऑलिव्हमध्ये १० ते १५ टक्के. आणि पाकिटावर हायड्रोजनेटेड (वनस्पती तुपासारखं घट्ट केलेलं तेल) शब्द दिसला की पाकीट परत ठेवते, तिथे मोजायची पण गरज नाही.

आता ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती ते. मला वाटलं होतं हा काटा मला कमी खायला शिकवेल. पण त्याने मला दाखवलं ते मी काय खातच नव्हते. भाज्या-फळं मी भरपूर खाते असं माझं ठाम मत होतं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पण तसंच सांगितलं. तीन दिवस माझ्या ताटातलं सगळं कच्चं असताना वेगळं मोजलं तर सरासरी १९० ग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा किमान ४०० ग्रॅम आहे आणि त्यात बटाटे धरत नाहीत. म्हणजे निम्मं पण नाही. सुरुवातीच्या भीतीत मी रोज काय-काय बंद करायचं त्याची यादी वाढवत होते आणि ताट रिकामं होत चाललं होतं, सतत भूक, चिडचिड, रात्री झोप नाही. ४०० चा आकडा समोर आल्यावर उलटं झालं. आता सकाळी आधी माझ्या दिवसाच्या भाज्या-फळांचा ढीग काट्यावर रचते, तो ४०० च्या वर गेला की मग बाकीचं. इतकं खाल्ल्यावर तळलेल्यासाठी पोटात जागाच फार राहत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हा काटा परत घेईन.

ओट्सचं पण तसंच. ओट्स खाल्ले की कोलेस्टेरॉल कमी होतं हे सगळ्यांना माहीत, पण किती? त्यातल्या बीटा ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या फायबरमुळे ते होतं आणि दिवसाला त्याचे ३ ग्रॅम लागतात, म्हणजे कोरडे ओट्स ७०-७५ ग्रॅमच्या आसपास. मी दोन मोठे चमचे टाकून समाधान मानत होते, ते मोजले तर १८ ग्रॅम. आता ४० ग्रॅम ओट्स आणि उरलेलं विरघळणारं फायबर बार्ली, कडधान्यं आणि इसबगोल यातून. इसबगोल गोळ्यांच्या वेळी घेऊ नका, मध्ये अंतर ठेवा. बदाम-अक्रोड मात्र उलट्या बाजूला गेले होते, मूठभर खा म्हणतात, माझी मूठ ५२ ग्रॅमची निघाली, नवऱ्याची ७० ची. ३० ग्रॅम पुरतात.

डाळी-कडधान्यं मोजताना एक मोठा गोंधळ होतो तो सांगते, कच्चं वजन की शिजवलेलं. मी पहिला महिनाभर दोन्ही एकत्र करत होते आणि आकडे काहीच्या काही येत होते. ३० ग्रॅम कोरडं कडधान्य भिजून-शिजून ७०-८० ग्रॅम होतं, ते सगळं पाणी असतं. काहीतरी एक ठरवा, मी कच्चंच मोजते आणि मग माणसांत वाटते.

आता हे सगळं करून फरक पडला का. माझे आकडे देते, ते माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. अ‍ॅडमिट झाले तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८. स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) मोठा डोस सुरू झाल्यावर दीड महिन्यांनी ७९. तेव्हा काटा नुकताच आला होता, डोस तोच ठेवून तीन महिने मोजून खाल्ल्यावर ६६. १३ चा फरक ऐकायला कमी वाटतो, मला पण वाटला आणि मी जरा नाराज झाले होते, तर डॉक्टर म्हणाले की स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल साधारण ६ टक्केच अजून उतरतं, तुमचं १६ टक्के उतरलंय. पण आमच्यासारख्यांचं टार्गेट ५५ च्या खाली आहे, म्हणून त्यांनी एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली आणि आता ५३ आहे. ती गोळी साधारण २० टक्के उतरवते, म्हणजे मी नुसती ७९ वर बसून गोळी घेतली असती तर ६३ पर्यंतच आले असते. दोन्ही लागलं. बीपी त्याच गोळ्यांवर १३८/८६ वरून १२६/७८, वजन ६ किलो कमी, चालणं पण सुरू आहे त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देत नाही.

जे लोक विचारतात की मग गोळ्या बंद करता येतील का, त्यांना हात जोडून सांगते, नका करू. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. माझ्या ओळखीत एकांनी जेवण सुधारलं, बरं वाटायला लागलं, म्हणून स्टॅटिन सोडली, आणि परत अ‍ॅडमिट झाले. बरं वाटणं आणि नळीच्या आत काय चाललंय याचा संबंध नसतो, मला तर ब्लॉकेज असतानाही दात दुखत असल्यासारखंच वाटत होतं.

मोजण्याने खरंच फरक पडतो का यावर एक अभ्यास माझ्या मनात घर करून बसलाय. कॅनडातल्या डॉक्टर डेव्हिड जेंकिन्स यांनी ओट्स-बार्ली-इसबगोलचं फायबर, सोया, बदाम आणि प्लांट स्टेरॉल (वनस्पतींमधला, कोलेस्टेरॉल कमी करणारा घटक) असं सगळं एकत्र करून आहार बनवला, २००३ मध्ये एकूण ४६ लोकांच्या अभ्यासात एका गटाला महिनाभर ते जेवण पुरवलं, तर त्यांचं एलडीएल २८.६ टक्के उतरलं, आणि स्टॅटिन घेणाऱ्या गटाचं ३०.९. जवळजवळ गोळीएवढं! मग २०११ मध्ये त्याच आहाराचा मोठा अभ्यास झाला, पण या वेळी लोकांना जेवण न देता सल्ला दिला, घरी जाऊन तुम्ही करा, आणि सहा महिन्यांनी उतरलं ते १३-१४ टक्के. आहार तोच. समोर ठरलेलं आलं तेव्हा २८ आणि घरी स्वतः करायचं म्हटल्यावर १३. आता सहा महिन्यांत माणूस कंटाळतो हे पण त्यात आलं, पण माझ्या स्वयंपाकघरात मी जे पाहिलं, ५५ ग्रॅमचे "दोन-तीन चमचे" आणि १८ ग्रॅमचे ओट्स, त्यावरून मला तरी हे आकडे पटतात.

तक्रारी. पहिला काटा सदोष आला, तीच वस्तू मधोमध ठेवली तर एक वजन आणि कोपऱ्यात ठेवली तर ६ ग्रॅम जास्त. बदलून मिळाला पण तीन आठवडे आणि सात फोन लागले, आणि दर वेळी मला परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ज्या वस्तूवर कोणी आजारपणासाठी विसंबून असू शकतं तिथे इतकं ताटकळत ठेवणं मला आवडलं नाही. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, भाजी चिरता चिरता बंद झाला की आधीचा आकडा गेला. मोठं ताट ठेवलं की आकडा ताटाखाली लपतो, म्हणून वर एक उंच वाटी ठेवून त्यावर ताट ठेवते. बटण टचचं आहे, ओल्या बोटाला दाद देत नाही आणि कधी नुसता हात लागला तरी युनिट बदलतं, एकदा मी दोन दिवस ग्रॅमऐवजी औंसावर मोजत होते. गरम भांडं थेट काचेवर ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा जाड कापड. बॅटरी संपत आली की आकडे थोडे भरकटतात, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. घरी तपासायचं असेल तर मापाच्या भांड्याने १०० मिली पाणी घाला, १०० ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे, आणि तेच भांडं चारही कोपऱ्यांत फिरवून बघा. हे आल्याच दिवशी करा, बदलून घ्यायची मुदत असते.

फोनला जोडणारा, अ‍ॅपमध्ये सगळं आपोआप लिहिणारा काटा मैत्रिणीकडे आहे, चार दिवस वापरून बघितला. मला वही बरी वाटली. अ‍ॅप दर वेळी शंभर पदार्थांतून माझा पदार्थ शोधायला लावतं आणि घरचा स्वयंपाक त्यात नीट बसत नाही.

आणि आता एक अवघड गोष्ट, रिव्ह्यूमध्ये लिहावी की नाही विचार करत होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी या काट्याच्या फार आहारी गेले. काकडीची चकती पण मोजायचे. कोणाकडे जेवायला गेलो तर मी नुसती बसून राहायचे कारण तिथे काटा नव्हता. एकदा नणंदेने माझ्यासाठी वेगळं, बिनमिठाचं, खास करून ठेवलं होतं, मी ते पण खाल्लं नाही, तिचे डोळे भरून आले आणि घरी येताना माझे. मुलगा त्या रात्री म्हणाला, आई तू आजारी होतीस तेव्हा पण इतकी घाबरलेली नव्हतीस. मी पुढच्या व्हिजिटला डाएटिशियनला हे सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलं की स्टेंटनंतर अशी भीती खूप जणांना असते, तिच्याबद्दल बोलायला हवं, आणि त्यांनीच समुपदेशकाकडे पाठवलं, मी चार वेळा गेले. आणि काट्यासाठी नियम घालून दिला. मीठ रोज, तेल आठवड्याला एकदा बाटलीच्या वजनावरून, बाकी सगळं महिन्यातून फक्त तीन दिवस. सकाळचा भाज्यांचा ढीग तेवढा मी मागून ठेवला, त्याने भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं. मधल्या दिवसांत डोळा आणि हात, आणि जेवायच्या टेबलावर काटा कधीच नाही. आठ महिन्यांत डोळा बराच तयार झालाय, मी ३० ग्रॅम बदाम न मोजता काढते आणि नंतर ठेवून बघते तर २८, ३१ असं येतं.

म्हणून ज्यांना आधी कधी खाण्यावरून मानसिक त्रास झालाय, जेवण टाळणं वगैरे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा घेऊ नका. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी झालेली) असलेल्यांना याच्या आधी माणसाच्या वजनाचा काटा लागेल, रोज सकाळी वजन बघायचं, तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच डॉक्टरांना फोन. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची एक गोळी) घेणाऱ्यांनी माझ्यासारख्या पालेभाज्या एकदम दुप्पट करू नका, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर बदलतो, रोज साधारण सारखं प्रमाण ठेवायचं आणि वाढवायचं तर विचारून. आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट आणि त्याचा ज्यूस फळांच्या ढिगात नको, रक्तात औषध वाढतं.

मोठ्या काट्याला पाचपैकी चार, एक कापला तो कोपऱ्यातल्या फरकासाठी आणि त्या सात फोनसाठी. छोट्या ०.१ ग्रॅमवाल्याला पाचपैकी पाच. घेताना चालू-बंदचं बटण टचचं नसून दाबायचं असेल असा बघा, आकडे ताटाबाहेर येतील अशी पट्टी पुढे काढता येणारा मिळाला तर उत्तमच, आणि बॅटरीची एक जोडी जास्तीची आणून ठेवा, माझी संपली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मिठाची डबी रिकामी होती.